विश्लेषण : वर्गात स्मार्ट टीव्ही आला, मुले वाचू लागली का?

तिसरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, हे ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट. ते गाठण्यासाठी केंद्राने २०२६-२७ या शैक्षणिक वर्षाची मुदत ठरवली. दुसरीकडे स्मार्ट टीव्ही, टॅबलेट, क्यूआर कोड आणि अ‍ॅप जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोहोचत आहेत. इगतपुरीसारख्या डोंगराळ, आदिवासी वाड्या-पाड्यांच्या तालुक्यात या साधनांचा वाचन शिकवण्यासाठी खरोखर उपयोग होतो का? कधी होतो आणि कधी नाही?

प्रश्न किती मोठा?

‘असर’ या ग्रामीण भागातील सर्वेक्षणाचा २०२४चा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. त्यानुसार देशातील सरकारी शाळांत तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. २०२२ मध्ये, म्हणजे करोनानंतर, हे प्रमाण १६.३ टक्क्यांवर घसरले होते. पाचवीतही निम्म्याहून अधिक मुले हा मजकूर वाचू शकत नाहीत.

याचा परिणाम मराठीच्या तासापुरता राहत नाही. चौथीपासून परिसर अभ्यास, गणितातील शाब्दिक उदाहरणे, सगळेच वाचून समजून घ्यावे लागते. तिसरीपर्यंत वाचन जमले नाही तर मूल प्रत्येक विषयात मागे पडत जाते. त्यामुळेच राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रम हाती घेतला.

मुले नेमकी कुठे अडतात?

मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. तरीही काही ठिकाणी मुले हमखास थांबतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘र’ तर जोडाक्षरात चार रूपे घेतो : प्रकाश, सूर्य, राष्ट्र, दऱ्या. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतला ‘च’ लिहायला एकच, पण उच्चार वेगळा.

हे अडथळे मुलाने मोठ्याने वाचले आणि कुणी तरी कान देऊन ऐकले तरच कळतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. इयत्ता मात्र चार किंवा पाच असतात. अशा वर्गात रोज प्रत्येक मुलाचे वाचन ऐकणे शिक्षकाला अवघड जाते. तंत्रज्ञानाची खरी गरज इथे आहे.

महाराष्ट्राचा आजवरचा अनुभव काय?

इगतपुरीहून कसारा घाट उतरला की ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका लागतो. तेथील पाष्टेपाडा या छोट्या पाड्यावर शिक्षक संदीप गुंड यांनी गेल्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळेत टॅबलेटवर शिकवणे सुरू केले. राज्यात ‘डिजिटल शाळा’ हा शब्द रुजण्यात या शाळेचा मोठा वाटा होता. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. त्यांना डिसेंबर २०२० मध्ये १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. केंद्राचा ‘दीक्षा’ मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि क्यूआर कोड पाठ्यपुस्तकांचा नेहमीचा भाग बनला.

या प्रयोगांनी मुलांना शाळेची गोडी लावली आणि शिक्षकांना साहित्य मिळवून दिले. पण क्यूआर कोड स्कॅन करून कविता ऐकणे आणि ती कविता स्वतः वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पडदा असूनही वाचन का सुधारत नाही?

पेरू या देशाने प्राथमिक शाळांतील मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाषा आणि गणिताच्या गुणांत त्यामुळे फरक पडल्याचे दिसले नाही. उपकरण आले, पण शिकवण्याची पद्धत तीच राहिली.

दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ केंद्रांचा अनुभव उलटा आहे. तिथे शाळेनंतर मुले अर्धा वेळ संगणकावर आणि अर्धा वेळ शिक्षक-साहाय्यकासोबत छोट्या गटात शिकत. संगणक मुलाच्या इयत्तेनुसार नव्हे, तर त्याला प्रत्यक्ष काय येते यानुसार प्रश्न देई. साधारण साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्हींत लक्षणीय प्रगती दिसली. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यावरून दोन गोष्टी पुढे येतात : मुलाची पातळी ओळखणे आणि सोबत माणूस असणे.

वाचन ‘ऐकणारे’ अ‍ॅप कसे चालते?

गुगलने मार्च २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ अ‍ॅप आणले. पुढे त्याचे नाव ‘रीड अलाँग’ झाले आणि त्यात मराठीही आली. मूल पडद्यावरील गोष्ट मोठ्याने वाचते, फोन ऐकतो आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवतो. मूल कोणते वाक्य वाचणार हे अ‍ॅपला आधीच माहीत असते. त्यामुळे ऐकलेला आवाज त्याच वाक्याशी ताडून पाहायचा असतो. मोकळे बोलणे ओळखण्यापेक्षा हे काम सोपे. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवायही वाचन चालते.

मर्यादाही आहेत. लहान मुलांचा आवाज ओळखणे यंत्राला कठीण जाते. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने ‘पाणी’ हा शब्द तसाच उच्चारला तर यंत्र चूक दाखवू शकते. प्रत्यक्षात मुलाने शब्द बरोबर वाचलेला असतो. हा फरक शिक्षकालाच कळतो.

इगतपुरीत अडचणी कोणत्या?

पहिली अडचण पावसाची. इगतपुरी हा राज्यातील अतिपावसाच्या भागांपैकी एक. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि नेमके तेच महिने वीज जाण्याचे, दऱ्याखोऱ्यांत रेंज नसण्याचे. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना फोनला मुलाचा आवाज टिपता येत नाही. वीजबिल थकल्याने जिल्हा परिषद शाळांची जोडणी तुटल्याच्या बातम्याही राज्यात वेळोवेळी आल्या आहेत.

दुसरी अडचण भाषेची. तालुक्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबे आहेत. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी अनेक मुलांना शाळेतच पहिल्यांदा ऐकू येते. शब्दाचा अर्थच ठाऊक नसेल तर तो अचूक उच्चारूनही वाचन पूर्ण होत नाही.

तिसरी अडचण शाळेपर्यंत पोहोचण्याची. ऑक्टोबर २०२२ मध्ये तालुक्यातील दरेवाडीची मुले शाळा बंद करण्याच्या निर्णयाविरोधात शेळ्या-बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली होती. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची घोषणा राज्यभर गाजली. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा तर वर्षाच्या मधेच तुटते. मूल वर्गात नसेल, तर वर्गातील टीव्हीचा त्याला उपयोग नाही.

मग शाळेने काय करावे?

महागडे साहित्य ही पहिली गरज नाही. शिक्षकांना वापरता येईल असा क्रम पुढीलप्रमाणे :

• आधी प्रत्येक मुलाचे वाचन दोन मिनिटे ऐकून गट करावेत : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ‘असर’ची चाचणी याच पायऱ्यांवर चालते.
• टीव्हीवरील गोष्टीचा आवाज दुसऱ्यांदा बंद करावा आणि मुलांनी पडद्यावरील ओळी वाचाव्यात.
• चार-पाच मुलांच्या गटाला वाचन ऐकणारे अ‍ॅप असलेला एक फोन किंवा टॅबलेट द्यावा. त्या वेळेत शिक्षकाने सर्वात मागे असलेल्या गटासोबत बसावे.
• साहित्य वीज आणि रेंज असताना उतरवून ठेवावे. पावसाच्या दिवशी छापील गोष्टीची पुस्तके हाताशी असावीत.
• महिन्यातून एकदा अनोळखी उतारा वाचून घ्यावा. ‘निपुण’नुसार तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह वाचता यायला हवेत.

पालकांनाही हे तपासता येते. ‘असर’ २०२४ नुसार ग्रामीण भागात १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. दादा-ताईच्या फोनवर उतरवलेली एक गोष्ट लहान भावंडाने रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचली आणि घरातल्या कुणी शेजारी बसून ‘पुढे काय झालं?’ एवढे विचारले, तरी शाळेच्या कामाला हातभार लागतो. मुलांचा आवाज किंवा व्हिडीओ मात्र गटांवर टाकू नये. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

शाळेला किती टीव्ही मिळाले, किती वर्ग डिजिटल झाले, हे आकडे जाहीर होत राहतील. तिसरीतील किती मुले अनोळखी उतारा वाचू लागली, हा आकडा शाळेच्या पालकसभेत दर तीन महिन्यांनी मांडला गेला, तर त्या खर्चाचा हिशेब गावालाही लागेल.