गावाचे बोलणे गावाच्या दप्तरी

सांगलीत पावसाने सलग चार दिवस उसंत दिली नाही, की लहानथोरांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : 'आयर्विनला पाणी किती?' आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे शासकीय कोष्टक सर्वांना ठाऊक आहे. परंतु कितव्या फुटाला कोणत्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, कोणता रस्ता सर्वांत आधी बंद होतो, नाल्यातून उलटे चढणारे पाणी कोणत्या वस्तीत शिरते, जनावरे कोठे हलवावीत, हे ज्ञान अशा कोष्टकात सापडत नाही. ते तेथे राहणाऱ्या माणसांच्या अनुभवात असते. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांनी हा अनुभव सांगलीकरांच्या पदरी टाकला आणि त्याची जबर किंमतही वसूल केली. त्या त्या वेळी नागरिकांनी एकमेकांना मोलाची माहिती पुरविली, प्रश्न विचारले, उत्तरे दिली. ते सारे आज कोठे आहे? भ्रमणध्वनीवरील असंख्य गटांत विखुरलेले आणि फोन बदलताच पुसले गेलेले. पुढचा पूर येईल तेव्हा पुन्हा श्रीगणेशापासून प्रारंभ!

ही अवस्था एकट्या सांगलीची नाही. पाणीपुरवठ्याची वेळ, रस्त्याची दुरवस्था, शाळेची पटसंख्या, स्मशानभूमीची जागा, गावाच्या विकास आराखड्यावरील हरकती, या विषयांवर महाराष्ट्रातील प्रत्येक गावात आज पूर्वी कधी नव्हती एवढी चर्चा होत असते. मात्र ती ज्या जागी होते ती जागा गावाची नाही. तेथे काय वर दिसावे आणि काय तळाशी जावे, काय टिकावे आणि काय नष्ट व्हावे, हे ठरविणाऱ्याला त्या गावाचे नावही ठाऊक नसते. म्हणूनच स्थानिक चर्चेसाठी स्थानिक मालकीचा सर्व्हर उभा करणे, हा काही मूठभर संगणकप्रेमींच्या हौसेचा विषय नव्हे. तो समाजाच्या स्वावलंबनाचा विषय आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. १८४८ पासून लोकहितवादींनी 'प्रभाकर'मधून समाजाला पत्रे लिहिली. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पडला. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी'चा पहिला अंक निघाला, तो आर्यभूषण या स्वतःच्या छापखान्यातून. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे तरुण सहकारी टिळक-आगरकर यांना एक गोष्ट स्वच्छ उमगली होती : ज्याचा छापखाना त्याचा शब्द. उसन्या छापखान्यात स्वतंत्र वाणी फार काळ टिकत नाही. तेव्हा जे स्थान छापखान्याचे होते, ते आज सर्व्हरचे आहे.

उसन्या जागेचा भरवसा किती धरावा, याची उदाहरणे अलीकडच्या इतिहासात हवी तेवढी आहेत. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले आणि हौसेने उभारलेली असंख्य पाने अंतर्धान पावली. ज्या ऑर्कुटवर एकेकाळी भारतीय तरुणाई रमली होती, त्याला ३० सप्टेंबर २०१४ रोजी टाळे लागले. २०१९ च्या एप्रिलमध्ये गूगल प्लस गेले. याहू ग्रुप्सवरील वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार २०१९ च्या डिसेंबरपासून काढून टाकण्यात आला आणि वर्षभरात ती सेवाच संपली. या साऱ्या परदेशी कंपन्या होत्या, असे म्हणून स्वतःची समजूत घालता येणार नाही. 'कू' हा मंच भारतीय होता, भारतीय भाषांसाठी होता. तोही २०२४ च्या जुलैमध्ये बंद झाला. मालक देशी असला म्हणजे सुरक्षितता आपोआप येते, असे नाही. चर्चा ज्यांची, मालकी त्यांची, ही खरी कसोटी आहे. याउलट १९९६ मध्ये सुरू झालेले 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ स्वतःच्या बळावर चालत राहिले आणि इतके महाकाय मंच येऊन गेले तरी टिकले. आकार लहान असला तरी चालेल. पाया स्वतःचा हवा.

या प्रश्नाला एक भीषण बाजूही आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. तेथेही चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवांनी वातावरण तापलेले होते. राईनपाड्यानंतर एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअॅपने भारतात घातली. या मर्यादेने अफवेचा वेग कमी होतो. खरे काय, हे मात्र त्यातून कळत नाही. गावातील ओळखीच्या, जबाबदार माणसांना, शिक्षकाला, पोलीस पाटलाला, सर्वांसमक्ष प्रश्न विचारता येईल आणि दिलेले उत्तर सर्वांना दिसेल, अशी जागा गावाजवळ नाही, ही मूळ उणीव आहे. अशी जागा असती म्हणजे ही हत्याकांडे टळलीच असती, असा दावा कोणी करू नये. पण जेथे विचारायला जागाच नाही, तेथे अफवेला मोकळे रान मिळते, हे नाकारता येणार नाही.

अन्य देशांत याचे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९९४ मध्ये काही नागरिकांनी निवडणुकीच्या निमित्ताने सार्वजनिक चर्चेचा मंच सुरू केला. पुढे त्यातून नगरांचे आणि पेठांचे मंच वाढले. तेथे नियम मोजकेच होते. स्वतःच्या खऱ्या नावाने लिहायचे आणि दिवसाकाठी दोनपेक्षा अधिक वेळा लिहायचे नाही. दुसऱ्या नियमात मोठे शहाणपण आहे. ज्याला दिवसातून दोनदाच बोलता येते तो विचार करून बोलतो आणि रिकामटेकड्यांच्या गलक्यात इतरांचा आवाज बुडत नाही. व्हरमाँट या छोट्या राज्यात २००० मध्ये एका वस्तीपुरता सुरू झालेला मंच २००६ पासून अन्य गावांत गेला आणि कालांतराने राज्यभर पसरला. तेथे येणारा मजकूर संपादक वाचतात आणि गावाला बहुधा दिवसातून एकदाच एकत्रित अंक मिळतो. २०११ मधील आयरीन वादळाने तेथे पूर आला, तेव्हा शेजाऱ्याला शेजारी सापडला तो याच जागी. नवल याचे, की यातील एकही कल्पना परकी वाटत नाही. पारावर खऱ्या नावानेच बोलले जाते आणि सभेत एकाने किती बोलावे याला मर्यादा असतेच.

मग अडचण कोठे आहे? खर्चात तर नाहीच. एखाद्या गावाच्या किंवा प्रभागाच्या चर्चेसाठी दोन-चार जीबी स्मृतीचा, लिनक्सवर चालणारा छोटा सर्व्हर पुरतो. तो महिना हजार-दोन हजार रुपयांच्या आत भाड्याने मिळतो. 'डिस्कोर्स' किंवा 'ड्रुपल' यांसारख्या मुक्त संगणकप्रणाली विनामूल्य आहेत. युनिकोडमुळे देवनागरीचा प्रश्न सुटला आहे. जुन्या फाँटमध्ये अडकलेला मजकूर आज वाचता येत नाही, ती चूक पुन्हा होण्याचे कारण नाही. सर्व्हर वाचनालयाच्या खोलीतच ठेवला पाहिजे, असाही हट्ट नको. वीज जाते, जोडणी तुटते. यंत्र मुंबई-पुण्याच्या माहिती केंद्रात असले तरी बिघडत नाही. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नोंदणीत आहे, परवलीचे शब्द कोणाच्या हाती आहेत आणि मजकुराची प्रत कोणाच्या कपाटात आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे 'गावाच्या संस्थेच्या' अशी आली पाहिजेत. कित्येक संस्थांच्या संकेतस्थळांची नोंदणी एखाद्या उत्साही तरुणाच्या वैयक्तिक नावावर असते. तो नोकरीसाठी परगावी गेला, नूतनीकरण राहिले, की संस्थेचे नाव दुसऱ्याच्या हाती जाते. प्रतींचेही तसेच. मूळ प्रत धरून तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. ज्या गावाला पूर ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

खरी अडचण माणसांची आहे. सर्व्हर एका दिवसात उभा राहतो; त्याची निगा राखणारे मन एका दिवसात तयार होत नाही. दररोज मजकूर वाचणारे, शिवीगाळ थांबविणारे, निनावी आरोप रोखणारे आणि प्रसंगी स्वतःच्या मित्रालाही नियम दाखविणारे तीन-चार संपादक हवेत. कायद्याचे भानही हवे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाने अशा मंचांना संरक्षण दिले आहे, पण ते सशर्त आहे. २०२१ च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे लागते आणि तक्रारींचा निपटारा ठरलेल्या मुदतीत करावा लागतो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सभासदांच्या माहितीची जबाबदारी चालकांवर टाकली आहे. कोणाही भगिनीचा भ्रमणध्वनी क्रमांक सर्वांना दिसू नये, एवढी साधी काळजी घेतली नाही, तर निम्मा समाज त्या जागेकडे फिरकणारच नाही.

हे काम कोणी करावे? नगरपालिकेने करू नये, कारण ज्याच्या कारभाराची चर्चा व्हायची त्याच्याच हाती चर्चेची किल्ली असणे योग्य नव्हे. राजकीय पक्षाने तर मुळीच करू नये. महाराष्ट्रात यासाठी एक तयार संस्था आहे, ती म्हणजे सार्वजनिक वाचनालय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने या चळवळीला आधार दिला. गावोगावच्या वाचनालयांना जागा आहे, घटना आहे, विश्वस्त आहेत, हिशेब तपासण्याची पद्धत आहे आणि सर्व मतांच्या वाचकांचा राबताही आहे. ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांचा प्रश्न तेथील ग्रंथपाल नोंदवू शकेल आणि आठवड्याचे सार फलकावर लावता येईल.

येथे राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी एक पथ्य कसोशीने पाळले पाहिजे. उत्साहाच्या भरात हा मंच 'आपल्या लोकांचा' करण्याचा मोह होईल. तो टाळावा. ज्या मंचावर विरोधी मताचा शेजारी येत नाही तो गावाचा मंच नव्हे, ती केवळ स्वतःच्या आवाजाची प्रतिध्वनीशाळा होय. पुराचे पाणी घराघरांत शिरताना कोणाचे मत विचारत नाही. समाज एकसंध व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी मतभेद उघडपणे आणि सभ्यपणे मांडता येतील अशी जागा राखणे, हेच संघटनेचे काम मानले पाहिजे.

लोक व्हॉट्सअॅप सोडून येथे येतील काय, अशी शंका घेतली जाते. त्यांनी ते सोडण्याची आवश्यकताच नाही. वेगवान निरोपासाठी ते साधन राहू द्यावे. मात्र निरोपातून जे ज्ञान निर्माण होते, ते साठविण्याची जागा गावाची असावी. निरोप्या कोणीही चालतो. दप्तर मात्र स्वतःचेच लागते.

एकदम साऱ्या तालुक्याचा संकल्प सोडण्याचेही कारण नाही. एक वाचनालय, एक प्रभाग, चार जबाबदार संपादक आणि पावसाळ्यापूर्वीचे दोन महिने, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. पहिला विषयही ठरलेलाच आहे : मागच्या तीन पुरांत कितव्या फुटाला कोणाच्या दारात पाणी आले? ज्यांनी ते पाहिले ती पिढी अजून गावात आहे. त्यांचे सांगणे वेळेत लिहून घेतले गेले, तर पुढच्या वेळी 'आयर्विनला पाणी किती?' हा प्रश्न येईल तेव्हा उत्तरामध्ये केवळ आकडा नसेल. त्या आकड्याला काय करायचे, हेही गावाला ठाऊक असेल.