दाखल्याचा अंगठा

मंचरच्या प्रांत कचेरीत जुन्नर-आंबेगावच्या माणसाने जातीच्या दाखल्यासाठी किती खेपा घातल्या, हे त्याचे त्यालाच ठाऊक. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा, सारे पत्र्याच्या पेटीतून निघते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्याही सवलती मिळाल्या. तेव्हापासून हा कागद आमच्या घरांत सातबाऱ्यासारखा जपला जातो.

आता तो संगणकात गेला. दूर कुठेतरी, ज्याला क्लाउड म्हणतात, तिथे त्याची नोंद असते. ती कोण पाहतो, कोण बदलतो? आमच्या नात्यातल्या एका मुलीने नोकरीच्या अर्जासोबत दाखला मोबाईलवरून पाठवला. कोणीतरी तो पुढे सरकवला आणि तिच्या खोलीतल्या मुलींनी भांडी वेगळी केली.

२०२२ साली गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागात ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम निघाले. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी एकाच वेळी सांभाळलेली वही. एकाने पान फाडले तरी ते दुसऱ्यांकडे असतेच. या वहीत दाखला ठेवायचा नसतो. गणिताने त्याचा ठसा काढून तेवढाच ठेवायचा. आमची आजी सहीऐवजी अंगठा उठवी. अंगठ्यावरून तिचे नाव कळत नसे, पण अंगठा तिचाच का, हे पडताळता येई. तसेच हे. दाखल्यातला एक काना बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. मूळ दाखला वेगळा, कुलपात. किल्ली ज्याची त्याच्याकडे असावी.

आम्ही मात्र लगेच हुरळलो नाही. या वहीतले पुसता येत नाही. कारकुनाने नाव चुकवले तर तेही राहणार, दुरुस्ती म्हणजे खाली नवी नोंद. आणि नाव-जात उघडी लिहिली तर ती साऱ्या जगापुढे कायमची! नुसत्या आधार क्रमांकाचा ठसाही धोक्याचा, कारण संगणक सगळे आकडे लावून पाहू शकतो. म्हणून त्यात एक गुप्त आकडा मिसळतात.

शिवाय त्या मुलीचा दाखला कोणत्याही ब्लॉकचेनने वाचला नसता. उघडलेला कागद पुढे पाठवणाऱ्याचा हात गणित धरत नाही. विचारणाऱ्याला कागद न देता ‘दाखला खरा आहे’ एवढेच उत्तर मिळावे, अशी सोय करता येते. तीच मागायला हवी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलेच आहे.

तोवर झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर राहिलेली प्रत डोळ्यांदेखत पुसून घ्या. ती मुलगी आता पैसे देण्याआधी तेच करते.