दार ठोठावण्यात लाचारी कसली?

मुक्त लेखकाने आपण होऊन संपादकाला विषय सुचवावा, छापून आलेला लेख चार जणांना पाठवावा, हे मराठी साहित्यव्यवहारात अजूनही हलके समजले जाते. आक्षेप तीन आहेत : कसदार लेखन आपोआप पोचते, काम मागणे ही लाचारी आहे, आणि स्वतःविषयी बोलणारा स्वतःचीच टिमकी वाजवतो.

पहिल्या आक्षेपासाठी केशवसुत आणि अरुण कोलटकर यांचे दाखले हटकून दिले जातात. दोघेही प्रसिद्धीपासून लांब राहिले, हे खरेच. पण केशवसुत १९०५ साली गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. तो पुढे हरि नारायण आपट्यांनी काढला. कोलटकरांच्या पाठीशी अशोक शहाणे आणि त्यांचे प्रास प्रकाशन होते, शिवाय पोटापाण्याला जाहिरात क्षेत्रातले काम. या कविता आपोआप पोचल्या नाहीत, कोणीतरी त्या पोचवल्या. ज्याला आपटे वा शहाणे लाभले नाहीत आणि ज्याची चूल मानधनावर पेटते, त्याने कोणाची वाट पाहायची?

आता लाचारी. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. आज असे शेकडो अंक निघतात. गरज संपादकालाही असतेच. सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांवर कोणाकडे वर्षभराची टिपणे पडून आहेत, हे कळवल्याशिवाय त्याला कसे कळावे? लाचारी असलीच तर ती लेख देऊनही मानधनाचा विषय काढायला कचरण्यात आहे.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. ऊठसूट स्वतःची छायाचित्रे आणि सत्काराच्या बातम्या पाठवणारा वाचकाला विटवतो. मात्र रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाने कविता लोकांपर्यंत नेली. पुढे विंदा, बापट आणि पाडगावकर गावोगाव काव्यवाचन करत हिंडले. त्यांनी श्रोत्यांपुढे कविता ठेवली, म्हणून श्रोते पुन्हा आले. टिमकी आणि प्रसिद्धी यांतला फरक एवढाच : पुढे काय ठेवता, स्वतःला की कामाला?

तेव्हा नियतकालिकाचे मागचे अंक आधी वाचा. मग पाच-सहा ओळींत लिहा : विषय कोणता, त्यात नवे काय, तुमच्याजवळ सामग्री कोणती, लेख किती शब्दांचा, कधी द्याल. मानधन विचारा. उत्तर येईपर्यंत तोच विषय दुसरीकडे देऊ नका. दिवाळी अंकासाठी उन्हाळ्यातच कळवा. गणपतीनंतर जागा शोधणाऱ्याला बहुधा पुढच्या वर्षीची वाट पाहावी लागते. 'साभार परत' आले तर विषय त्या अंकाला जुळला नाही एवढेच समजा आणि दुसऱ्या संपादकाला लिहा. छापून आल्यावर, ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापर्यंत अंक आधी पोचवा.

लिहिणे हा व्यवसाय मानायचा असेल तर ते पोचवणे हाही त्याच व्यवसायाचा भाग आहे. त्याची लाज बाळगणाऱ्याने मानधनाची अपेक्षाही धरू नये.