भयाचा खरा चेहरा

दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथांत भय पात्रांना घडविते, असे त्यांचे चाहते सांगतात. आमचे मत याच्या उलट आहे. तेथे भय पात्रांना केवळ दचकविते. 'देवमाणूस' (२०२०) या मालिकेत सारे पाप एका तोतया डॉक्टरच्या माथी गेले; गाव भाबडे, म्हणून निर्दोष ठरले.

जळगाव-धुळ्याच्या वाचकांस याहून निराळी गोष्ट ठाऊक आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांस ठार मारले. मेले ते पोटासाठी दूरून आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती.

या जमावात कोणी एक खलनायक नव्हता. भय माणसास पळावयास लावते, तसेच ते त्याच्या हाती काठीही देते. आणि मारताना आपण लेकरांचे रक्षण करीत आहो, असे त्यास वाटते. पात्र घडते ते येथे. हे दाखविण्याचे धैर्य आमच्या मालिकालेखकांस का होऊ नये? प्रेक्षकास ते रुचणार नाही, हे उत्तर आम्हांस मान्य नाही. अफवा पुढे धाडणारा हात सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातही असतो. त्यानेच हा आरसा प्रथम पाहावा.