भीतीची चिठ्ठी

पावसाळा सरला की गोव्यातल्या शाळांना निसर्ग शिबिरांचे वेध लागतात. कुणी बोंडल्याला जातात, कुणी मोलेला, कुणी खोतीगावला. पत्रक घरी जाते: दोन रात्री, चादर, टॉर्च, औषधे, पालकांची सही. आणि दुसऱ्या दिवशीपासून काही मुलांच्या पोटात दुखू लागते!

अशी बरीच शिबिरे केल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. "त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" असे शिक्षकाने कधी म्हणू नये. त्याने भीती जात नाही. मूल ती सांगायचे मात्र थांबते.

आम्ही आधी आठवडाभर चिठ्ठ्या वाटायचो. नाव न घालता प्रश्न लिहायचा. मला वाटले होते, बिबट्याबद्दल विचारतील. प्रश्न निघाले ते असे: संडास किती लांब? रात्री सोबत कोण येणार? जेवणात नुस्तें नसेल तर? आणि एका चिठ्ठीत, बारीक अक्षरात: "अंथरूण ओलं झालं तर?"

अक्षर मी ओळखले. बोललो नाही. शिबिरात रात्री अकराला आणि पहाटे चारला सगळ्यांनाच उठवून न्यायचे ठरवले. कुणाचे नाव निघाले नाही, आणि तो मुलगा आला.

सापांचेही तसेच. "साप नसतात हो तिथं" ही थाप मारू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे आपल्याकडे आहेत, हे सरळ सांगावे. मग काय करायचे तेही सांगावे: काळोखात टॉर्चशिवाय पाऊल नाही, सकाळी बूट झाडूनच घालायचे, दगडाखाली हात घालायचा नाही. चावलाच तर कापाकापी न करता, हालचाल न करू देता थेट इस्पितळात. हाताशी काही करण्यासारखे असले की मुलाला धीर येतो.

आमच्या लहानपणी ही तयारी जत्रेने करून घेतली. देवळासमोर रात्रभर नाटक चालायचे, आम्ही चटईवर कुठेतरी, कुणाच्या तरी मुलाला चिकटून झोपायचो. आजच्या फ्लॅटमधल्या मुलाने पहिल्यांदा घराबाहेर झोपायचे ते एकदम जंगलात! त्यात त्याचा काय दोष? म्हणून आधी एक रात्र आजीकडे किंवा मित्राकडे काढू द्यावी.

पालकांनाही एक विनंती. "करमलं नाही तर लगेच न्यायला येते हां" असे निघताना म्हणू नका. त्यातून मूल एवढेच ऐकते की आईलाही खात्री नाही.

दुसऱ्या सकाळी शेकरू दाखवायला तोच चिठ्ठीवाला मला ओढत घेऊन गेला. शिबिराचा अहवाल लिहिताना ही गोष्ट कुठल्या रकान्यात घालायची, ते मला आजवर कळलेले नाही.