700 जीबी रिकामे, तरी डिस्क आकसेना

खाप्यातल्या एखाद्या दुकानात किंवा पतसंस्थेत सर्व्हर बहुधा नागपूरहून आलेला माणूस बसवून देतो, आणि घाईघाईत अख्खी डिस्क सी ड्राइव्हलाच देऊन मोकळा होतो. पुढे हिशेबाच्या डेटासाठी वेगळा ड्राइव्ह हवासा वाटला की ड्राइव्ह लहान करणाऱ्या ‘श्रिंक व्हॉल्यूम’ची आठवण होते. 1 टीबीची डिस्क, विंडोजच्या मोजणीने 931 जीबी. त्यातले 700 जीबी रिकामे. तरीही कापून मिळणाऱ्या जागेचा आकडा कधी कधी 40-50 जीबीवरच अडून बसतो.

मग संशय आधी डिस्कवर, नंतर व्हायरसवर जातो, आणि शेवटी कुठलंसं फुकट पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवलं जातं. चालू सर्व्हरवर हा प्रयोग करूच नये.

विंडोज व्हॉल्यूम फक्त शेवटाकडून कापतं. शेताच्या टोकाला, धुऱ्याजवळ विहीर असली की बाकी वावर पडीक असूनही टोकाचा तुकडा तोडून देता येत नाही. इथेही गत तीच. ही विहीर म्हणजे जागची न हलणारी फाइल: पेजफाइल, शॅडो कॉपी किंवा एनटीएफएसचं मास्टर फाइल टेबल. ती नेमकी कोणती, हे विंडोज स्वतःच लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये 259 क्रमांकाची नोंद उघडली की फाइल नावानिशी सापडते. गंमत म्हणजे तिथे क्वचितच कुणी डोकावतं.

पेजफाइल निघाली तर काम सोपं: ती बंद करा, सर्व्हर रीस्टार्ट करा, श्रिंक उरका, पेजफाइल पुन्हा चालू करा. शॅडो कॉपी निघाल्या तर मात्र हात आवरावा. फायलींच्या जुन्या आवृत्त्या त्यांतच असतात. पुसल्या की गेल्या. मास्टर फाइल टेबलच आड आलं, तर बॅकअप घेऊन पार्टिशन नव्याने पाडणं बरं. आणि डिस्कवर खराब क्लस्टर फार झाल्यामुळे श्रिंक अडत असेल, तर डिस्कच बदलायला झाली आहे.

लिनक्सवाल्यांनीही फार हसू नये. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 पासून, म्हणजे 2014 पासून, तिथे मुळात एक्सएफएस ही फाइलसिस्टिम येते. ती वाढते, व्यवहारात लहान होत नाही. ईएक्सटी4 लहान होते, पण अनमाउंट करून, आणि आधी फाइलसिस्टिम, मग व्हॉल्यूम याच क्रमाने. क्रम उलटला की डेटावर पाणी.

सर्व्हरमध्ये डिस्कसाठी एक कप्पा रिकामा असेल, तर श्रिंकच्या भानगडीत न पडता नवी डिस्क लावा. तसं नसेल, तर आधी बॅकअपमधून एक फाइल परत काढून उघडून बघा. ती उघडेपर्यंत श्रिंकला हात लावू नका.