सोबत कोण?

अलिबागच्या एका लॉजवाल्याने मला हा प्रश्न तीनदा विचारला. मी एकटीच आहे हे कळताच त्याच्या सगळ्या खोल्या भरल्या! पंचेचाळिशीची मराठीची प्राध्यापिका भर संध्याकाळी रस्त्यावर पिशवी धरून उभी, आणि मांडव्याची परतीची बोट चुकलेली. खरे सांगते, त्या वेळी पाय लटपटले.

आसरा दिला तो खानावळीतल्या आजींनी. भरतीचे गणितही त्यांनीच शिकवले. तिथीची पाऊणपट करावी, साधारण तितक्या वाजता भरती. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जायचे ते ह्या बेताने, आणि पाणी चढू लागायच्या आत माघारी. पण हा झाला अंदाज. किनाऱ्यावर विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नये.

यंदा लेक एकटीच मुरुडला निघाली आहे. खोली आधी ठरव, राजपुरीला उतरलीस की जंजिऱ्याहून परतणाऱ्या शेवटच्या होडीची वेळ विचार, ११२ हा आकडा ध्यानात ठेव, एवढे मी बजावले. "हे" दोन दिवस घुम्यासारखे बसून होते. काल मुकाट्याने पंचांग काढले. म्हटले, आता मुहूर्त काढणार! तर कागदावर पाऊणपट चालली होती.